माशाला मुरंबा

गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी रात्री मी रावसाच्या चार तुकड्यांना संत्र्याचं मार्मालेड फासलं, ट्रे ओव्हनमध्ये ढकलला आणि तयार झाल्यावर त्याचा फोटो आईला पाठवला. चूक माझीच. फोटो छान आला होता, वरून चकचकीत, कडेला थोडं काळपट. निळ्या टिका लगेच दिसल्या. उत्तर यायला पाच मिनिटं लागली.

"हे काय लावलंयस?"

"मार्मालेड. संत्र्याचा मुरंबा समज."

"माशाला मुरंबा?"

आणि मग थेट फोनच. मागून आजीचा आवाज येत होता. आजीला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती जे बोलते ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू येतं. "माशाक गोड कोण घालता गो?" आईने तो प्रश्न माझ्यापर्यंत पोचवायची गरजच नव्हती. मी म्हटलं, "अगं, साडेआठला घरात पाय ठेवला आणि नऊला जेवायला बसले. ह्यापेक्षा जास्त काय हवं?"

आई जरा थांबली. म्हणाली, "बरंय बाई तुमचं." आणि फोन ठेवला.

हा लेख या दोन वाक्यांमुळे लिहितेय. आजीच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांत सापडेल असं वाटलं आणि बऱ्यापैकी सापडलंही. आईच्या वाक्याला उत्तर हवं होतं का, हेच आधी कळत नव्हतं.

आधी बुधवारचं सांगते. इंग्रजीत ज्याला 'वीकनाइट डिनर' म्हणतात, म्हणजे ऑफिस उरकून आल्यावर चटकन होणारं जेवण, त्याचं मत्स्याहारी मराठी घरातलं भाषांतर 'बुधवार' असंच करावं लागेल. सोमवार शंकराचा, मंगळवार बऱ्याच घरांत गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी निवांत बेत असतो, तो मोजायचा नाही. उरतात बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे कामाच्या पाच दिवसांत माशाला दोनच रात्री मिळतात आणि त्या दोन्ही रात्री माणूस दमलेला असतो.

पाककृती अगदीच सोपी. रावसाच्या बोटभर जाडीच्या, काटे काढलेल्या तुकड्या. त्यांना मीठ, तिखट आणि किसलेलं आलं. दोन मोठे चमचे मार्मालेड, एक चमचा लोणी, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या, अर्ध्या लिंबाचा रस, हे सगळं वाटीत कालवायचं. ओव्हन 200 अंशांवर तापवायचा. तुकड्या आधी नुसत्याच सात-आठ मिनिटं भाजायच्या, मग वर लेप लावून पुन्हा पाच मिनिटं. लेप सुरुवातीलाच लावला तर मासा शिजेपर्यंत साखर जळून कडू होते. पहिल्यांदा मी तेच केलं होतं. त्याचा फोटो कुणालाही पाठवला नाही.

आता आजीचा प्रश्न.

माशात गोड घालत नाहीत, हे खरं. पण माशात फळ घालत नाहीत असं आजीसुद्धा म्हणू शकणार नाही, कारण तिच्या हातचं एकही कालवण फळाशिवाय झालेलं मला आठवत नाही. आपण त्याला फळ म्हणत नाही, एवढंच. आमसूल म्हणजे काय? रातांब्याची साल. उन्हाळ्याच्या शेवटी रातांबे पिकून लालजांभळे झाले की ते फोडायचे, गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, साली त्याच रसात मीठ घालून बुडवायच्या, उन्हात वाळत घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. पावसाच्या आत हे उरकायला हवं. वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घरी त्या दिवसांत सगळ्या बायकांचे हात मनगटापर्यंत रंगलेले असायचे आणि आम्हा पोरांना मागच्या अंगणात यायला बंदी. मीठ घालून ठेवलेला दाट रस म्हणजे आगळ, त्याची सोलकढी. सुकलेल्या साली म्हणजे आमसुलं, ती बरणीत. वर्षभराचा आंबटपणा त्या एका बरणीत.

शिवाय चैत्रात कैरी आली की कोळंबीत कैरी. कैरीचे काप वाळवून ठेवले की त्यांची आंबोशी, ती पावसाळ्यात सुक्या माशांबरोबर. बिंबलं लागली की बिंबलं. गणपतीच्या सुमाराला आंबाडे. आणि यातलं काहीच नसेल तेव्हा चिंच, तेही फळच. कोकणातलं स्वयंपाकघर चालवणारी बाई माशासाठी फळांचं अख्खं वेळापत्रक डोक्यात ठेवून असते. फक्त त्या फळांनी आंबट असायचं, ही अट.

हे नुसतं चवीपुरतं नाही. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमीन करतात, आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः हाच. हे द्रव्य अल्कधर्मी. त्यावर आम्ल पडलं की त्याचा क्षार होतो आणि तो हवेत उडून नाकापर्यंत येत नाही. कोकम, चिंच, कैरी, लिंबू, सगळ्यांचं काम एकच. बर्फाच्या आधीच्या काळात, किनाऱ्यापासून दोन-तीन तास डोक्यावरच्या पाटीत आलेल्या माशाला याची किती गरज असेल!

आणि हा उद्योग फक्त किनाऱ्यावरचा नव्हता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. काळ साधारण 1129. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. समुद्र तिथून कुठच्या कुठे. पण राजाला मासे पकडण्याचाही शौक आणि खाण्याचाही. राज्यकारभार, हत्ती, रत्नं, संगीत यांच्याबरोबरीने राजाने काय खावं यावरही त्यात सविस्तर प्रकरण आहे. त्यात मासे धुऊन, तुकडे करून चिंचेच्या कोळात शिजवायचे, मग गव्हाचं पीठ भुरभुरवून तेलात लालसर तळायचे आणि वर सैंधव, वेलची, मिरी टाकायची, अशी कृती येते. आज एखाद्या रेस्टॉरंटच्या मेनूत हे छापलं तर कुणाला शंका येणार नाही. मिरची तेवढी नाही, कारण ती अजून अमेरिकेतून निघायची होती.

चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची, पण इतक्या जुन्या काळी इथे आली की अरबांना ती इथलीच वाटली. त्यांनी तिला 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं आणि त्याचंच इंग्रजीत टॅमरिंड झालं. कोकम मात्र अस्सल पश्चिम घाटातलं. त्याच्या शास्त्रीय नावातला 'गार्सिनिया' हा शब्द वाचून मला वाटायचं, की 1563 साली गोव्यात औषधी वनस्पतींवर पुस्तक छापणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्यावरून ते नाव पडलं असणार. तसं नाही. ते लॉरां गार्सां नावाच्या अठराव्या शतकातल्या दुसऱ्याच निसर्गशास्त्रज्ञाचं. ओर्ताने कोकम पाहिलं, त्याबद्दल लिहिलं आणि नाव भलत्याचं लागलं. असो.

तर फळ चालतं, गोड चालत नाही. हा नियम कुठून आला? नेमकं कुठून हे सांगता येणार नाही, पण तो किती जुना असू शकतो याचा एक पुरावा मला सापडला. मासे आणि दूध एकत्र खाऊ नये हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची जी चर्चा आहे तिथे ते आहेच. पण त्याच चर्चेत असंही सांगितलंय, की पाळीव, दलदलीतल्या आणि पाण्यातल्या प्राण्यांचं मांस मध, तीळ, गूळ, दूध, उडीद, मुळा यांच्याबरोबर एकत्र खाऊ नये. मध आणि गूळ! म्हणजे आजीच्या पाठीशी चरकाचार्य उभे आहेत. हे वाचल्यावर मी आधी ओव्हनकडे बघितलं आणि मग पुस्तक मिटलं.

अर्थात आजीने चरक वाचलेला नाही. आणि आपल्याकडच्या कालवणात गूळ अजिबातच पडत नाही असंही नाही, चिमूटभर टाकणारे आहेत. पण ते चव सांधायला. गोड लागता कामा नये.

इतर ठिकाणी मात्र ही भिंत नव्हती. आणि इथे मला खरी मजा आली.

रोमन काळातला एक पाककृतींचा संग्रह आहे, अपिकियसच्या नावावर चालणारा. तो आज ज्या रूपात आहे तो बहुधा चौथ्या-पाचव्या शतकात जुळवला गेला. त्यात भाजलेल्या माशांवर ओतायच्या रसांची यादीच आहे. एका रसात मिरी, कांदा, बिया काढलेले दमास्कसचे आलुबुखारे, वाइन, मध घातलेली वाइन, सिरका, माशाचं खारं पाणी, आटवलेला द्राक्षरस आणि तेल. हे आटवून भाजलेल्या माशावर घाला आणि मग मला सांगा, माझ्या ट्रेमध्ये काय वेगळं होतं? फळ, गोड, आंबट, खारट, आणि खाली भाजलेला मासा. फक्त मार्मालेडच्या बरणीने माझं आटवण्याचं काम वाचवलं.

पुढे बगदाद. खलिफांच्या दरबारात 'सिकबाज' नावाचा पदार्थ फार नावाजलेला होता. मूळ इराणी. 'सिक' म्हणजे सिरका. 1226 साली बगदादमध्ये लिहिल्या गेलेल्या एका पाकग्रंथात तो आहे, मांसाचा. सिरक्याच्या जोडीला खजुराचा पाक किंवा मध, आणि वर सुके अंजीर, मनुका, बदाम. माशांचेही प्रकार होत. अरबांबरोबर हा शब्द स्पेनला पोचला आणि तिथे त्याचं 'एस्काबेचे' झालं, म्हणजे सिरक्यात मुरवलेला तळलेला मासा.

आणि मग इंग्लंड. मला सगळ्यात आवडलेला पुरावा तिथला. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी 1390 च्या सुमारास तयार केलेली पाककृतींची एक गुंडाळी आहे, 'फॉर्म ऑफ क्युरी'. त्यात उपासाच्या दिवसांसाठी एक टार्ट आहे. अंजीर आणि मनुका वाइनमध्ये धुऊन सफरचंद आणि नाशपातीबरोबर वाटायचे. वाइन आणि साखर घालून शिजवायचे. त्यात उकडलेला सामन मासा कुस्करून घालायचा. मसाले, मीठ. पिठाच्या कवचात भरायचं, वर आलुबुखारे आणि खजूर खोवायचे आणि भट्टीत भाजायचं. साखर, फळं, सामन, भट्टी! आज ज्याला आपण परदेशी वेबसाइटवरचं नवं खूळ समजतो, ते सहाशे वर्षांपूर्वी राजाच्या उपासाचं जेवण होतं.

उपासाचं, हे लक्षात घ्या. ख्रिस्ती युरोपात उपास म्हणजे मांस बंद आणि मासे सुरू. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आणि वर्षभरातले शुक्रवार. आपल्याकडे उपास म्हणजे मासे पहिल्यांदा बंद. त्यांना उपासामुळे मासे खावे लागत आणि आपल्याला उपासामुळे ते टाळावे लागतात. मग श्रीमंतांना त्या सक्तीच्या माशांचा कंटाळा घालवायला साखर, अंजीर, खजूर लागत. हे सगळं दूर भूमध्य समुद्राकडून येई, महाग असे, आणि महाग होतं म्हणूनच मिरवायला बरं.

ते थांबलं कसं? तर साखर स्वस्त झाली म्हणून. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उसाचे मळे उभे राहिले आणि साखर राजाच्या ताटातून व्यापाऱ्याच्या ताटात आली. जे सगळ्यांना मिळतं त्याने मोठेपणा दाखवता येत नाही. त्याच सुमारास फ्रान्समध्ये स्वयंपाकाची चवच बदलली. ला वारेनचं पुस्तक 1651 सालचं. लोणी, पालेभाज्यांचा सुगंध, मांसाचा अर्क हे पुढे आलं आणि गोड हळूहळू जेवणाच्या शेवटी, वेगळ्या ताटलीत ढकललं गेलं. आज ज्याला आपण 'डेझर्ट' म्हणतो ती ही वेगळी ताटली. युरोपातला एखादा शिष्ट माणूस माशावर मुरंबा बघून नाक मुरडतो तेव्हा तो प्राचीन परंपरेचं रक्षण करत नसतो. त्याची परंपरा जेमतेम पावणेचारशे वर्षांची आहे.

मार्मालेडचंही एक सांगून टाकते. पोर्तुगीजमध्ये 'मार्मेलो' म्हणजे क्विन्स, सफरचंदासारखं एक तुरट फळ. त्याच्या घट्ट वड्या म्हणजे 'मार्मेलाडा'. त्या डब्यांतून इंग्लंडला जात. पुढे संत्र्याच्या जातीच्या कडू फळांचा तसाच प्रकार होऊ लागला आणि नाव तेच राहिलं. 1797 साली स्कॉटलंडमधल्या डंडीला कीलर कुटुंबाने त्याचा कारखाना सुरू केला. त्यांनीच तो शोधला ही दंतकथा, कृती त्याआधीच्या आहेत. आणि 'ऑरेंज' हा शब्द? संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा, आणि मग पुढचा न गळून ऑरेंज. म्हणजे मी आईला 'नारिंगाचा मुरंबा' असं लिहिलं असतं तर शब्द तरी घरचा निघाला असता. 'मुरंबा' अरबी आहे, पण तेवढं चालवून घेऊ.

आपल्या मुंबईतही ही भिंत सगळ्यांनी मानली नाही. पारशांची 'सास नी मच्छी' घ्या. पापलेट, सिरका आणि साखर, अंड्याने दाट केलेला पांढरा रस. आंबटगोड. लग्नाच्या पंगतीतला मानाचा पदार्थ. त्याच शहरात, कधी कधी त्याच गल्लीत, आमच्यासारख्यांच्या घरात तिरफळ-आमसुलाचं बांगड्याचं कालवण शिजत होतं. दोघांनी एकमेकांच्या ताटाकडे बघून मनातल्या मनात काय म्हटलं असेल ते असो.

आणि भाजणं? ओव्हनसुद्धा मी समजत होते तितका परका नाही. ओव्हन म्हणजे वरखाली विस्तव. पातेल्याखाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजायची पद्धत आपल्याकडे जुनीच. पाठारे प्रभूंचं कोळंबीचं भानोलं तसंच होई. गोव्यातली बेबिंका तर एकेक थर वरच्या विस्तवावरच भाजत नेतात. पण त्या निखाऱ्यांपाशी कुणीतरी बसून राहावं लागे. मला वाटतं, माझ्या ओटीजीमधला खरा शोध उष्णता नाही, ते बटण आहे. 1923 साली ब्रिटनमध्ये घरगुती गॅस ओव्हनला तापमान आपोआप सांभाळणारं 'रेग्युलो' नावाचं उपकरण बसवलं गेलं. त्याआधी भट्टी किती तापली ते हात घालून नाहीतर आत कागद ठेवून तो किती वेळात करपतो यावरून ओळखत. बटण आलं आणि स्वयंपाक करणारी बाई पहिल्यांदा चुलीपासून उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकली.

इथे मी आईच्या वाक्यापाशी आले.

आई डोंबिवलीहून सकाळची 8:05 ची फास्ट पकडून व्हीटीला जायची. एकतीस वर्षं. संध्याकाळी सातच्या सुमारास डोंबिवलीला उतरली, की बुधवारी आणि शुक्रवारी स्टेशनबाहेरच्या मावशीकडून मासे. घरी येऊन हातपाय धुऊन ते साफ करणं, कारण तेव्हा मावशी खवलं काढून देत, पण आईला त्यांनी केलेलं पटायचं नाही. मग विळीवर नारळ खोवणं. खोबरं, धणे, मिरच्या, हळद, लसूण यांचं वाटप. ते गंधासारखं मऊ व्हायला हवं, नाहीतर रस वेगळा राहतो. मग कालवण, चार तुकड्या तळलेल्या, भात, सोलकढी. आम्ही नऊ-सव्वानऊला जेवायचो. आई सगळ्यांत शेवटी, उरलेली शेपटी घेऊन.

मिक्सर होता. भारतीय घरांतल्या वाटणाच्या मिक्सरची गोष्टही बुधवारच्या रात्रीशी जोडलेली आहे. सीमेन्समध्ये काम करणारे सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणांपुढे हरला, बंद पडला. मग आपल्या ओल्या-सुक्या वाटणांना टिकेल असा मिक्सर बनवायचं ठरलं आणि 1963 मध्ये 'सुमीत' बाजारात आला. पाट्यावरचा अर्धा-पाऊण तास पाच मिनिटांवर आला. मी मनात हिशेब मांडला होता तो असा: आजी पाट्यावर, आई मिक्सरवर, मी ओव्हनवर. दर पिढीला थोडा वेळ जास्त मिळाला. सुबक हिशेब. लेखात छान बसला असता.

आई गेल्या आठवड्यात चार दिवस राहायला आली. मध्ये बुधवार होताच. मी मुद्दाम तोच मासा केला, एक बदल करून: लिंबाऐवजी दोन चमचे आगळ. नारिंगी लेपाला तांबूस छटा आली आणि गोडाची धार बरीच कमी झाली. (आगळ खारट असतं, मीठ बेतानेच टाका.) आई टेबलापाशी बसून बघत होती. मी बटण फिरवलं, टाइमर लावला आणि तिच्यासमोर येऊन बसले. ती सारखी ओव्हनकडे बघत होती.

"जळेल ना?"

"वाजेल तो."

"म्हणजे आता काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

तिला ते जमत नव्हतं. उठून तिने आधीच पुसलेला ओटा पुसला. मग मी तिला माझा हिशेब सांगितला. पाटा, मिक्सर, ओव्हन. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तसं नाहीये ते. बिनवाटपाचं तिखलं पाच मिनिटांत होतं. तिखट, हळद, आमसूल, तिरफळ, मीठ, वरून कच्चं खोबरेल. तुझी आजी गावाला करायचीच की. ओव्हनबिव्हन काही लागत नाही त्याला."

"मग तू का नाही करायचीस?"

"तुझ्या बाबांना वाटपाशिवाय चालायचं नाही. आणि मी नोकरी करते म्हणून घरचं जेवण उतरलं, असं कुणी म्हणायला नको होतं."

हे ती रागाने म्हणाली नाही. टेबलावरचं पाणी बोटाने पुसत म्हणाली. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. एकतीस वर्षांतल्या त्या बुधवारांत कुठेही तंत्रज्ञान कमी पडलं नव्हतं. पाच मिनिटांचा मासा वेंगुर्ल्याच्या चुलीवर आधीपासून होता. डोंबिवलीत तो चालणार नव्हता, इतकंच.

"त्या दिवशी फोनवर 'बरंय बाई तुमचं' म्हणालीस ते...?"

"कधी?" ती म्हणाली. तिला आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं.

टाइमर वाजला. दोघी एकाच ट्रेमधून जेवलो, भात आणि आगळाचीच सोलकढी सोबत. पहिला घास घेऊन आई म्हणाली, "रावस चांगला आहे." तिच्याकडून हे मासे आणणाऱ्याचं कौतुक असतं, करणाऱ्याचं नाही. दुसरी तुकडी मात्र तिने मागून घेतली. "गोड आहे, पण आमसुलामुळे चालतंय. मिरी घालून बघ थोडी." मिरी सोमेश्वराकडेही होती आणि अपिकियसकडेही, पण मी बोलले नाही. तुकडी मधली होती, जाड. शेपटीकडची मी घेतली होती.

आजीला फोन लावला. सांगितलं, आईने दोनदा घेतला. पलीकडून आवाज आला, "तिका भूक लागली आसतली."

जेवण झाल्यावर मी ट्रे सिंकमध्ये ठेवला. भाजलेली साखर तळाला काळी होऊन बसली होती. एकाही पाककृतीत हे लिहिलेलं नसतं. वीस मिनिटांच्या जेवणात तो ट्रे घासायची वीस मिनिटं धरलेली नसतात. मी म्हटलं, "भिजत ठेवू, सकाळी बघू." आईने पदर खोचला, तारेची घासणी उचलली. मी तिच्या हातातून ती काढून घेतली आणि तिला बाहेर बसायला लावलं.

ती पाच मिनिटं बसली. मग दारात येऊन म्हणाली, "गरम पाणी घे. आणि पुढच्या वेळी खाली केळीचं पान घाल."